तामारबाईची कोंबडी

"जागा देत नाहीत म्हणे," अमोस दारातच उभा राहून म्हणाला.

मी बर्फाची लादी फोडून बाबांच्या खाटेखालच्या घमेल्यांत भरत होते. मे महिना, तोही नगर जिल्ह्यातला. बाबा पहाटे गेले आणि ऊन वर यायच्या आतच घरात जीव गुदमरायला लागला होता.

"कोण देत नाही?"

"त्रिभुवन सर. बाबांचं नाव चर्चच्या मंडळीत नाही म्हणाले. नाव नाही तर कबरस्तानात जागा नाही. चर्चची घंटासुद्धा वाजवायची नाही."

"आणि तू काय म्हणालास?"

अमोस माझा धाकटा भाऊ. मंडळीच्याच शाळेत मास्तर, आणि शाळेच्या कमिटीवर त्रिभुवन सर, तेच चर्चचे मुख्य पंच. त्यामुळे सरांपुढे याचं तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नाही, जांभई द्यायलासुद्धा नाही.

"काय म्हणालास, विचारते मी."

"म्हटलं, ताईला विचारून सांगतो."

"शाबास! बाप मेलाय, आणि हा निरोप्या झालाय!"

त्याच्या बायकोनं आतून "हळू बोला ना ताई" म्हटलं. हळू कसली बोलते! तेव्हा मी जालन्याला सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, बाबांसाठी रजा काढून आलेली. वॉर्डात पन्नास नातेवाइकांच्या वर आवाज काढायची सवय. आणि तापट म्हणाल तर बाबांवर गेलेली. लहानपणी आई म्हणायची, देवानं या दोघांना एकच जीभ दिली होती, ती त्यांनी अर्धी अर्धी वाटून घेतली आणि दोन्ही अर्ध्या वाढल्या.

आई मंडळीच्या कबरस्तानात आहे, भिंतीजवळच्या कडुनिंबाखाली. तिच्या शेजारची जागा बाबांनी स्वतः दगड लावून आखून ठेवली होती. दर रविवारी बाकीचे चर्चला जायचे तेव्हा बाबा तिथं जाऊन बसायचे. चर्चमध्ये त्यांना बंदी होती, कबरस्तानात बसायला कुणी बंदी घातली नव्हती. आता तिथं निजायचं म्हटल्यावर बंदी आली.

"मग कुठं न्यायचं म्हणतात तुझे सर?"

"नगरपालिकेची जागा आहे ना... नदीकडे."

नदीकडची जागा म्हणजे बेवारशांची. दवाखान्यात आठवडाभर कुणी ओळख पटवायला आलं नाही की तिथं पुरतात. पलीकडे गावाचा कचरा पडतो आणि डुकरं फिरतात. माझ्या डोक्यात सणक गेली. मी पदरानं हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"ताई, भांडू नको. अंधार पडायच्या आत उरकायला पाहिजे. बर्फ टिकणार नाही," अमोस मागून म्हणाला.

"बर्फ टिकेल. मी टिकते का बघ."

आता बाबांचा गुन्हा सांगते, म्हणजे हे सगळं काय होतं ते कळेल.

माझे बाबा, गिदोन ओहोळ, मिशन कंपाऊंडातल्या बोर्डिंगचे आचारी. खेड्यापाड्यांतली शंभरावर पोरं तिथं राहून शिकायची. त्यांचं वरण, भात, भाकरी, सगळं बाबांच्या हातचं. आणि बाबांना कविता करायची खोड. वही नाही, पेन नाही. डावानं वरण ढवळता ढवळता जोडायचे आणि पंगतीत वाढताना म्हणायचे. पोरं एका घासात भाकरी आणि दुसऱ्यात कविता गिळायची. येशूनं एका लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, त्या गोष्टीवरची त्यांची एक प्रार्थना आमच्या गावात अजून म्हणतात:

प्रभू, तू पाण्याचा द्राक्षारस केलास,
मी वरणाचं पाणी केलं.
तुझ्याकडे एकच लग्न होतं,
माझ्याकडे रोज पंगत आहे.

आणखी एक होती. ती मला फार आवडते, कारण ती ते फक्त घरी म्हणायचे:

कांदा चिरताना आलं ते पाणी धरू नको, देवा.
ते सोडून जेवढं उरेल
तेवढं माझं रडणं.

माणूस काही संत नव्हता. तिरसट होता, हाताखालच्या पोरांवर पळी उगारायचा, आईशी महिना महिना अबोला धरायचा. पण देवाशी रोज बोलायचा, आणि मराठीत बोलायचा. चर्चचे पंच प्रार्थनेला उभे राहिले की त्यांची भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी होते ना, तसलं त्यांना जमायचं नाही.

तर आमच्याकडे पावसाळा सरला की हंगामाचा सण करतात. शेतात, परसात पिकलेलं पहिलं जे असेल ते देवाला आणायचं. कुणी भोपळा आणतं, कुणी बाजरीचं कणीस, कुणी कोंबडी, कुणी केक. सगळं वेदीपुढे मांडतात, उपासना होते, आणि दुपारी चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव करतात. पुकारताना देणाऱ्याचं नाव घ्यायचंच, ही रीत. "मार्थाबाईंचा भोपळा!" असं नाव मोठ्यानं ऐकायलाच माणसं थांबतात. गरिबाचं नाव एरवी मोठ्यानं घेतं कोण?

बाबा गेले त्याच्या वीसेक वर्षं आधीच्या सणाला तामारबाईनं कोंबडी आणली. तामारबाई विधवा, गवताचे भारे विकणारी. अंड्यावर आलेली तेवढी एकच कोंबडी होती तिच्याकडे. तिनं ती वेदीपुढे बांधली. दुपारी लिलाव झाला, भोपळे झाले, केळी झाली, पण तामारबाईचं नाव काही पुकारलं नाही. कारण त्या दिवशी मिशनचे बडे पाहुणे आले होते, आणि त्रिभुवन सर तेव्हा शाळेचे हेडमास्तर अन् बोर्डिंगचे प्रमुख. जेवायला काही बरं नव्हतं. सरांनी उपासना संपल्या संपल्या वेदीपुढची कोंबडी उचलून पाहुण्यांसाठी शिजवायला पाठवली. "उद्या दुसरी आणून देऊ," म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? म्हणजे देवानं आठवड्यात काय केलं ते उठून सांगायचं. बाबा उठले आणि त्यांनी कोंबडीवरचं गाणं म्हटलं. भरल्या चर्चमध्ये! लोक हसून हसून बाकांवरून घसरायचे बाकी राहिले. सर उभे राहून ओरडायला लागले आणि गोंधळातच उपासना मोडली. महिन्याच्या आत पंचांनी ठराव केला, देवाच्या घरात थट्टा केली म्हणून गिदोन ओहोळ मंडळीबाहेर. प्रभुभोजन बंद, बोर्डिंगची नोकरी बंद. परत यायचं तर नियमाप्रमाणे वेदीच्या पायरीशी उभं राहून, आपल्या तोंडानं, सगळ्यांसमोर, काय पाप केलं ते नाव घेऊन कबूल करायचं. बाबा म्हणाले, मी नाही येत. बसस्टँडसमोर भज्यांची गाडी टाकली आणि मरेपर्यंत ती चालवली.

मी तेव्हा मिरजेला नर्सिंग शिकत होते. गाणं मला बोर्डिंगच्या पोरांकडून कळलं. बाबांनी मला ते कधी म्हणून दाखवलं नाही. मी मागितलं की म्हणायचे, "जाऊ दे, शिळं झालं ते."

मला वाटायचं माझा बाप म्हणजे बायबलातला संदेष्टा, राजालाही खरं सुनावणारा. एका बाईच्या कोंबडीसाठी हेडमास्तरशी भिडला, नोकरी घालवली, पण वाकला नाही. मी याच माणसाची मुलगी आहे, असं स्वतःला बजावत मी तीस माणसांच्या वॉर्डात एकटी रात्रपाळ्या काढल्या आहेत.

सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरात असतानाही पांढरा शर्ट खोचलेला. एकपाठी माणूस. एकदा ऐकलेलं विसरायचे नाहीत. शाळेत आम्हाला कविता पाठ म्हणायला लावायचे आणि एक ओळ गाळली की हातावर छडी. पुन्हा पहिल्यापासून.

"ये तबीथा. वाईट झालं," ते म्हणाले.

"वाईट झालं ते देवानं केलं. तुम्ही काय करताय ते बोला."

"मी काहीच करत नाहीये. नियम आहे."

"माझी आई तिथं आहे, सर."

"तुझी आई मंडळीची सभासद होती. गिदोन नव्हता. त्याला दार बंद नव्हतं, कबुली द्यायची होती, एवढंच. वीस वर्षं दिली नाही. आज त्याला मंडळीच्या जागेत घेतला तर उद्या मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

"बाकीच्यांचं सोडा. तुम्हाला राग कोंबडीचा आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. "जीभ सांभाळ."

"सांभाळली असती तर इथं आलेच नसते. जित्या माणसाचं अन्न तोडलंत, तेवढ्यानं पोट भरलं नाही? आता मेलेल्याला डुकरांपुढे टाकायला निघालात? आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून प्रीतीवर बोलणार!"

सरांच्या मिसेस दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या. सर मग खुर्चीवरून उठले.

"ठीक आहे. जागा मिळेल," ते म्हणाले. "नियमातूनच मिळेल. गिदोनच्या वतीनं त्याच्या थोरल्या लेकरानं कबुली द्यावी. वेदीच्या पायरीशी, मंडळीसमोर. पापाचं नाव घेऊन."

"अमोस देईल," मी म्हणाले. मनात म्हटलं, तो तर आत्ता पळत येऊन देईल.

"थोरली तू आहेस. तू देशील. गोलगोल चालणार नाही, 'चुकलं माकलं' चालणार नाही. तुझ्या बापानं काय केलं ते पूर्ण सांगायचं. तोपर्यंत पेटी बाहेर."

मी तिथंच थुंकले असते, पण फरशी मिसेसनं नुकतीच पुसली होती.

दुपार उलटताना आम्ही पेटी चर्चच्या आवारात आणली. पाळक वडागळे तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. सरांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. "सिस्टर, थोडक्यात बोला, मी लगेच प्रार्थना घेतो," ते माझ्याजवळ येऊन पुटपुटले. बिचाऱ्यांना घाम फुटला होता.

पेटी बाहेर चिंचेखाली दोन बाकांवर ठेवली. खालून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. घंटा वाजली नव्हती तरी गाव जमलं होतं. बाबांची भजी खाल्लेली माणसं, त्यांचं वरण पिऊन मोठी झालेली आणि आता टक्कल पडलेली बोर्डिंगची पोरं, सगळी आत बाकांवर दाटीवाटीनं बसली. बाप बाहेर उन्हात आणि मी त्याचं पाप सांगायला आत. असा संताप आला होता म्हणून सांगू! पायरीकडे चालताना अमोसनं माझा हात धरला.

"ताई, फक्त 'माफ करा' म्हण. एवढं माझ्यासाठी कर. माझी नोकरी आहे."

"सोड हात."

पुढच्या बाकावर सर, आणि बाजूला जमिनीवर सतरंजीवर तामारबाई. आता पार म्हातारी झाली होती, काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेली. तिला बाकावर बसायची सवय नव्हती.

मी पायरीवर उभी राहिले.

"माझे वडील गिदोन ओहोळ यांनी या चर्चमध्ये थट्टा केली, असं मंडळीचं म्हणणं आहे," मी म्हणाले. "त्यांच्या वतीनं कबुली द्यायला मला उभं केलंय. पापाचं नाव पूर्ण घ्यायचं, असा नियम आहे. सर, बरोबर ना?"

"बरोबर," सर म्हणाले.

"मोघम चालणार नाही?"

"नाही."

"मग ऐका. पाप काय होतं ते इथल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलंच नाही. न ऐकलेल्या पापाला मंडळीनं क्षमा करायची तरी कशी?"

सर अर्धवट उठले, पण मी सुरू केलं होतं. मला गाता येत नाही. नुसतं म्हटलं, वॉर्डात नावं पुकारते त्या आवाजात.

हंगामाचा सण आला, देवळात झाली दाटी,
तामारबाईनं आणली कोंबडी देवासाठी.

लिलावाला पुकारलं दोडकं, भोपळा, गाजर,
तामारबाई नावासाठी सावरून बसली पदर.

देव म्हणाला, "सर, माझी कोंबडी गेली कुठे?"
सर म्हणाले, "देवा, आज पाहुणे तुझ्याहून मोठे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग एका बाईनं पदर तोंडात कोंबला. मी थांबले नाही.

देव म्हणाला, "असू दे, मला हाडं तरी ठेव."
सर म्हणाले, "काय सांगू, हाडांतच तर चव!"

आणि चर्च फुटलं! मयताला जमलेली माणसं, डोळे पुसत हसत होती. पाळकांनी पुस्तक तोंडासमोर धरलं, पण पुस्तक हलत होतं. अमोसनं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, आणि हसत होता की रडत होता, देव जाणे.

"झालं," मी म्हणाले. "हे पाप. आता मंडळीनं मला सांगावं, यातली कुठली ओळ खोटी आहे? जी खोटी असेल तिची मी नाक घासून माफी मागते. सर, तुम्हीच सांगा."

हसणं थांबलं. सगळे सरांकडे बघायला लागले.  जिंकले, असंच मला वाटलं होतं.

सर सावकाश उठले.

"एकही ओळ खोटी नाही," ते म्हणाले.

 हे त्यांच्या तोंडून निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"पण तू अर्धंच म्हटलंस," सर म्हणाले. आवाज अगदी वर्गातला. "शेवटचं कडवं गाळलंस. चौथीत असल्यापासूनची तुझी खोड."

"काहीही गाळलेलं नाही. एवढंच आहे गाणं."

"एवढंच नाही. पोरांना हसायचं होतं म्हणून पोरांनी तेवढंच उचललं. मागच्यांना ऐकूही गेलं नसेल, मी तेव्हा ओरडत होतो. पण मी पुढच्या बाकावर होतो. मला पाठ आहे. बापाची एवढी टिमकी वाजवतेस, तर पूर्ण बाप ऐक."

आणि सरांनी हात मागे बांधून, एकही शब्द न अडखळता, शेवटचं कडवं म्हटलं.

चूल माझी, विळी माझी, मीच मिरची वाटली,
रस्सा चाखला वाटीभर, तेव्हा लाज नाही वाटली.
विचारशील देवा तेव्हा सरांमागं दडणार नाही,
मीही खाल्ली. पेत्रासारखं 'नाही' म्हणणार नाही.

कुणी हसलं नाही. येशूला तीनदा 'ओळखत नाही' म्हणालेला पेत्र तिथं सगळ्यांना ठाऊक होता.

 शिजवली बाबांनी. अर्थात बाबांनीच! बोर्डिंगची चूल कुणाची होती? सरांनी कोंबडी 'पाठवली' असं मी इतकी वर्षं म्हणत होते. कुठं पाठवली, कुणी कापली, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि चाखला. वाटीभर! माझा संदेष्टा तामारबाईच्या कोंबडीचा रस्सा भुरकून मग गाणं जुळवायला बसला होता. मला त्यांचा असा राग आला की पेटी समोर असती तर मी तिच्यावर हात आपटला असता.

"कळलं?" सर आता माझ्याशी नाही, मंडळीशी बोलत होते. "हा तुमचा सत्यवादी. चोरीत निम्मा वाटेकरी. याच्यासाठी ही बाई आज सकाळी माझ्या दारात येऊन मला डुकरांच्या गोष्टी सांगून गेली. मी म्हणतो, अशा माणसाला..."

"थांबा की वाईच," खालून आवाज आला.

तामारबाई काठी टेकून उठत होती. तिला उठायला वेळ लागला. मदतीला कुणी धावलं तर तिनं काठीनंच बाजूला केलं.

"हे कडवं त्यानं हितंच म्हटलं व्हतं ना? ह्याच जागी?"

"हो. म्हणूनच सांगतोय मी," सर म्हणाले.

"समद्यांम्होरं?"

"भर उपासनेत."

"मी बी व्हते. मी हितंच बसले व्हते, ह्याच सतरंजीवर. मी बी ऐकलं." ती पाळकांकडे वळली. "पाळकसायेब, तुम्ही नवीन हाये, तुम्हाला इचारते. त्यो नेम काय हाये? आपल्या तोंडानं सांगायचं, समद्यांम्होरं सांगायचं, पापाचं नाव घेऊन सांगायचं. बराबर?"

"बरोबर, तामारबाई."

"मंग गिदोननं ईस वर्सं आधीच सांगितलं की! 'मी बी खाल्ली' म्हनला. तुम्ही त्याला भाईर काढला त्याच्या आधीच त्याची कबुली झालती. सरांना पाठ हाये. आत्ता म्हनून दाखवली त्यांनी."

 सरांनी एकदा पाळकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. अर्धी कविता त्यांना कधी सहन झाली नव्हती, आणि आज ती पूर्ण करायच्या नादात त्यांनी स्वतःच्या हातानं बाबांना मंडळीत परत घेतलं होतं.

"ती कबुली नव्हती. ती थट्टा होती," ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"थट्टा का काय, ते माझ्यावर सोडा. कोंबडी कुनाची व्हती?" तामारबाई म्हणाली. "सनाच्या दिवशी सांच्याला त्यो माझ्या दारात आलता. वाटीत रस्सा घिऊन. 'आक्का, तुझ्या कोंबडीचा हाये, मी बी खाल्ला,' म्हनला. मी वाटी उचलली अन् फेकली त्याच्या अंगावर! गरम व्हता. सदरा पार खराब झाला त्याचा. त्यो उभाच ऱ्हायला. 'अजून मार' म्हनला. मी दार लावलं. मंग रविवारी त्यानं हे गानं म्हटलं."

ती दम घ्यायला थांबली. मला बाबांच्या छातीवरचा तो चट्टा माहीत होता. चुलीवर भाजलं, असंच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. सकाळीच मी त्यांना आंघोळ घालताना त्यावरून ओला कपडा फिरवला होता. आता मला रडू यायला लागलं, आणि रागही जात नव्हता.

"त्या गान्यात माझं नाव दोन येळा घेतलं त्यानं," तामारबाई म्हणाली. "लिलावात न्हाई घेतलं कुनी, त्यानं घेतलं. मोठ्यानं. माझ्याकडून त्याचं मिटलं. तवाच मिटलं."

मग ती सरांकडे वळली. भांडणाचा सूर नव्हता तिचा. बाजारात विसरलेल्या जिनसाची आठवण करून द्यावी तसं ती म्हणाली,

"तुमचं ऱ्हायलंय, सर."

 मी अजून पायरीवरच उभी होते. मला कुणी सांगितलं नाही, पण मी खाली उतरले आणि बाजूला झाले. पायरी मोकळी राहिली. सगळं चर्च आधी त्या पायरीकडे आणि मग सरांकडे बघत होतं.

पाळकांनी घसा साफ केला. "सर," ते म्हणाले. मग ते एकदम मागच्या माणसांना म्हणाले, "पेटी आत आणा. घंटा वाजवा. आणि त्या कडुनिंबाखाली खणायला सांगा कुणाला तरी."

बोर्डिंगची ती टक्कल पडलेली पोरं धावतच बाहेर गेली. घंटा वाजायला लागली. पेटी आत येताना उठून उभं राहायची आमच्याकडे रीत आहे. बाकांची खडखड झाली, सगळे उठले. अमोस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि पहिल्यांदा सरांकडे सरळ बघायला लागला.

सर आधीच उभे होते. त्यांनी बाकावरची छत्री उचलली. एक पाऊल पुढे टाकलं, आणि मला वाटलं, पायरीकडेच येतायत. तामारबाईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं वाट द्यायला काठी जवळ घेतली. पण ते वळले आणि मधल्या वाटेनं दाराकडे निघाले. कुणाकडे न बघता, ताठ चालत.

दाराशी पेटी आली होती. आमच्या चर्चचं दार जुनं, एक फळी कायमची बंद. सहा जणांनी पेटी तिरकी करून आत घातली होती आणि ओझ्यानं त्यांच्या माना वाकल्या होत्या. सर चौकटीत समोरासमोर आले. आता एकाला तरी मागं सरावं लागणार होतं, आणि पेटी मागं जाणार नव्हती. सरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग छत्री छातीशी धरून ते भिंतीला टेकले. बर्फाचं पाणी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ठिबकत होतं.

मी वाटेच्या मध्यावर जाऊन उभी राहिले होते. डोळे पुसले आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाले,

"अजून थोडं मागं व्हा, सर. माझ्या बापाला लागेल."